‘कौमार्याची लक्षणे’ : एका पाठाचे परीक्षण

परीक्षण बहुधा नव्या पुस्तकाचे लिहितात. इथे एका जुन्या पाठाचे परीक्षण करायचे आहे. हा पाठ शाळेच्या पुस्तकात नव्हता. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला तेव्हा न्यायवैद्यकशास्त्र हा विषय असे, त्यात तो होता. ‘कौमार्याची लक्षणे’ असे त्याचे शीर्षक. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी तो वाचला, पाठ केला आणि उत्तरपत्रिकेत उतरवला. २०१९ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो अभ्यासक्रमातून काढून टाकण्याचा निर्णय घेतला. मग आता त्याची चिकित्सा कशासाठी, असे वाचक विचारतील.

कारण असे की, प्रौढ माणसांना लैंगिकतेविषयी शास्त्रीय माहिती देण्याचे काम आपल्या समाजाने कोणावर सोपवले असेल तर ते डॉक्टरवर. लग्न ठरलेली मुलगी, तिची काळजीत पडलेली आई, शंकेने पोखरलेला नवरा, या सगळ्यांना आपण एकच सल्ला देतो : डॉक्टरांना विचारा. शाळेत शरीराविषयीचा अवघड धडा आला की आपण शिक्षक मंडळीही गावातल्या डॉक्टरीणबाईंना व्याख्यानाला बोलावतो. तेव्हा या शिक्षकांच्या शिक्षकाला स्वतः काय शिकवले गेले होते, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

हा प्रश्न पुस्तकी नाही याची आठवण जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीने करून दिली. पिंपरीच्या भाटनगर भागात कंजारभाट समाजातील एका लग्नाच्या वेळी तीन तरुणांना मारहाण झाली. त्यांचा अपराध एवढाच की, नववधूच्या ‘कौमार्यपरीक्षे’ला विरोध करणाऱ्या ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ या तरुणांच्या गटाशी ते जोडलेले होते. परीक्षा अशी : लग्नाच्या रात्री जोडप्याला पांढरी चादर देऊन खोलीत पाठवायचे, आणि नंतर जातपंचायतीच्या बैठकीत पंचांनी नवऱ्याला विचारायचे, माल खरा की खोटा? चादरीवर डाग नसेल तर मुलगी ‘खोटी’. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून अमलात होताच. फेब्रुवारी २०१९ मध्ये गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी अशी परीक्षा लैंगिक अत्याचार मानली जाईल असे जाहीर केले.

त्या वेळी सुशिक्षितांची प्रतिक्रिया ठरावीक होती : हे लोक अडाणी, मागासलेले. ती मला खटकली. एक तर, ज्या समाजाला ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि ज्याच्यावरचा तो शिक्का स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, त्याच्याविषयी बोलताना जीभ जरा आवरायला हवी. शिवाय या प्रथेविरुद्ध उभे राहिलेले तरुण-तरुणी त्याच समाजातले होते. पण त्याहून मोठा मुद्दा निराळाच आहे. भाटनगरच्या पंचांचे जे गृहीतक होते, तेच गृहीतक त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले जात होते. चादरीच्या जागी तिथे तपासणीचे टेबल होते, एवढाच फरक.

आता पाठाकडे वळू. प्रचलित पाठ्यपुस्तकांत त्याची मांडणी साधारण सारखीच असे. प्रथम ‘कुमारी’ची व्याख्या. मग लक्षणे : योनिमुखाशी असलेले पटल अखंड, भगोष्ठ एकमेकांना चिकटलेले, योनिमार्ग अरुंद व घड्या असलेला, स्तन घट्ट. मग पटलाचे प्रकार आणि ते फाटण्याची संभोगाखेरीजची कारणे : अपघात, व्यायाम, वैद्यकीय तपासणी, शस्त्रक्रिया इत्यादी. त्यानंतर या लक्षणांचे न्यायालयीन महत्त्व : विवाह रद्द ठरवणे, घटस्फोट, अब्रूनुकसानी, बलात्कार. आणि सगळ्यांत मनोरंजक भाग म्हणजे ‘खरी कुमारी’ आणि ‘खोटी कुमारी’ यांतील फरक. खोटी कुमारी म्हणजे जिचा शरीरसंबंध आलेला आहे, तरी पटल अखंड आहे अशी स्त्री. ‘खरा’ आणि ‘खोटा’ हे पंचांचेच शब्द इथे जसेच्या तसे सापडतात!

विज्ञानाच्या शिक्षकाने हा पाठ हातात घेतला तर त्याला पहिली शंका शरीररचनेची नव्हे, तर्काची येईल. आपण मुलांना लिटमसची परीक्षा शिकवतो. आम्लात निळा कागद तांबडा होतो, अल्कात तांबडा निळा होतो, म्हणून ती परीक्षा. समजा एखाद्या पुस्तकात असे लिहिले की, कागद तांबडा झाला तर द्रव आम्ल आहे, मात्र काही ‘खोटी आम्ले’ही कागद तांबडा करतात, आणि कागद तांबडा झाला नाही तर द्रव आम्ल नाही, मात्र इतर अनेक कारणांनी खऱ्या आम्लातही कागद तांबडा होत नाही. अशा परीक्षेला आपला नववीतला विद्यार्थीही हसेल. पटल अखंड आहे, तर स्त्री कुमारी असेल किंवा ‘खोटी कुमारी’ असेल. पटल अखंड नाही, तर संबंध आला असेल किंवा इतर कोणतेही कारण असेल. दोन्ही निरीक्षणांतून दोन्ही निष्कर्ष निघतात. ज्या परीक्षेच्या निकालाने आपल्या आधीच्या माहितीत कणभरही भर पडत नाही, ती परीक्षा नव्हे. पाठ लिहिणाऱ्यांनी ‘खोटी कुमारी’ हा वर्ग मान्य केला त्याच क्षणी आपला सिद्धान्त मोडीत काढला होता. पण मोडलेला सिद्धान्त टाकून देण्याऐवजी त्यांनी अपवादाला नाव दिले आणि दोष स्त्रीकडे सरकवला. चूक परीक्षेची, आणि ‘खोटी’ कोण? तर ती.

तर्क बाजूला ठेवून वस्तुस्थिती पाहू. हे पटल म्हणजे योनिमुखाला ताणून बसवलेला पडदा, अशी समजूत सार्वत्रिक आहे. ती खोटी आहे हे दहावीचा विद्यार्थीसुद्धा सिद्ध करू शकेल. मासिक पाळी शिकवताना त्याला एवढेच विचारावे की, तिथे बंद पडदा असता तर स्राव बाहेर आला असता कोठून? क्वचित एखाद्या मुलीत ते खरोखरच बंद असते. मग पाळीचे रक्त आत साचते, दर महिन्याला पोटात दुखते आणि शस्त्रक्रियेने वाट करून द्यावी लागते. म्हणजे बंद पटल ही पावित्र्याची खूण नसून तो उपचार करण्याजोगा विकार आहे. गर्भावस्थेत योनिमार्ग तयार होताना दोन वेगवेगळ्या उगमांच्या पेशी एकमेकींना भेटतात, त्या सीमेवर हा ऊतीचा पातळ पट्टा उरतो आणि साधारणतः जन्माच्या सुमारासच तो मध्ये उघडतो. कोणात तो कंकणासारखा असतो, कोणात चंद्रकोरीसारखा, कोणात मध्ये एक पट्टी असते, कोणात चाळणीसारखी छिद्रे. वयात येताना इस्ट्रोजेनच्या परिणामाने तो जाड, घडीदार आणि लवचीक होतो. लवचीक वस्तू ताणली की फाटलीच पाहिजे असा नियम नाही. आणि लहानसहान इजा झाली तरी ती लवकर, पुष्कळदा मागमूस न ठेवता भरून येते.

२००४ साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याची योजना मला अतिशय आवडते, कारण त्यात वादाला जागाच ठेवलेली नाही. अभ्यासासाठी घेतलेल्या ३६ किशोरवयीन मुली सगळ्या गरोदर होत्या. म्हणजे शरीरसंबंध आला होता की नाही, हा प्रश्नच नव्हता. तपासणीच्या वेळी घेतलेली छायाचित्रे तज्ज्ञांनी बारकाईने पाहिली. संबंध आल्याचा निश्चित पुरावा त्यांना किती जणींत दिसला? फक्त दोघींत. ‘लक्षणे’ पाहून निकाल देणाऱ्याने उरलेल्या ३४ गर्भवतींना कुमारी असल्याचा दाखला दिला असता!

रक्ताची गोष्टही तशीच. १९९८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लंडनच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी ४१ जणींकडे केलेल्या विचारणेची माहिती दिली होती. त्यांतील ६३ टक्के स्त्रियांना पहिल्या संबंधाच्या वेळी रक्तस्राव झाला नव्हता. ही विचारणा अनौपचारिक होती, नमुना लहान होता, तेव्हा नेमक्या टक्केवारीवर फार भार टाकू नये. परंतु रक्त न येणे ही नेहमीची गोष्ट आहे, एवढे सांगायला ती पुरेशी आहे. आणि जे रक्त येते तेही बऱ्याचदा घाई, कोरडेपणा आणि भीतीने आवळलेले स्नायू यांमुळे झालेल्या इजेचे असते. बाहेर पंच बसले आहेत हे ठाऊक असलेल्या मुलीच्या बाबतीत हे वेगळे सांगायला नको. चादरीवरचा डाग काही सांगत असलाच तर तिच्या भूतकाळाविषयी नव्हे, त्या रात्रीच्या वागणुकीविषयी सांगतो.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर दोन संस्थांनी एकत्र निवेदन काढले की, या परीक्षेला वैज्ञानिक आधार नाही आणि ती बंद व्हावी. स्वीडनमध्ये लैंगिक शिक्षणाचे काम करणाऱ्या आरएफएसयू या संस्थेने २००९ मध्ये आणखी मुळाला हात घातला होता. त्यांच्या भाषेत या अवयवाचे जुने नाव कौमार्याशी जोडलेले होते. ते टाकून त्यांनी योनिमुखाभोवतीचे वलय अशा अर्थाचा नवा शब्द रूढ करायला घेतला. आपल्याकडे ‘कौमार्यपटल’ हा शब्द आजही सर्रास वापरला जातो. एखाद्या अवयवाच्या नावातच निष्कर्ष कोंबला की पुढे परीक्षा घ्यायची गरज काय? ‘योनिपटल’ हा त्यातल्या त्यात बरा, पण त्यातही पडदा आहेच. ‘योनिवलय’ म्हणावे असे मी सुचवीन. परिभाषा घडवणाऱ्यांनी विचार करावा.

अशा पोकळ पाठाला इतके आयुष्य कसे लाभले? उत्तर त्या पाठाच्याच ‘न्यायालयीन महत्त्व’ या भागात आहे. न्यायालय विचारते म्हणून डॉक्टरांना शिकवायचे. आणि डॉक्टर शिकलेले असतात, दाखला देतात, म्हणून न्यायालयाने विचारायचे. या फेऱ्यात कोणीच कोणाला प्रश्न विचारला नाही. सरकारी यंत्रणाही त्याच फेऱ्यात. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या ३५ वर्षांच्या एका भारतीय स्त्रीची अशी तपासणी झाली. ती स्त्री शिक्षिका होती. लग्नाला आलेली भारतीय मुलगी कुमारीच असणार, नसेल तर ती खोटे बोलते आहे, असा अधिकाऱ्यांचा तर्क. २००८ मध्ये आपल्याकडे केंद्रीय अन्वेषण विभागाने केरळमधील खून खटल्यातील एका आरोपी स्त्रीची हीच परीक्षा करवली. ती घटनाबाह्य असल्याचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाकडून यायला फेब्रुवारी २०२३ उजाडले. बलात्कारपीडितेच्या ‘दोन बोटांच्या चाचणी’विषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नापसंती नोंदवली, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात तिला शास्त्रीय आधार नसल्याचे ठणकावून सांगत वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून पाहण्याचा आदेश दिला.

पाठात आणखी एक उणीव आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. पुरुषाच्या कौमार्याची लक्षणे त्यात नाहीत. पंचही नवरदेवाला विचारत नाहीत, की बाबा रे, तू खरा की खोटा? न विचारलेल्या या प्रश्नाची किंमत भाटनगरपासून जवळच असलेल्या भोसरीत मोजली गेली आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत १९९२ पासून राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था काम करत आली. तिच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास केला, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायातल्या नव्हत्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. ज्यांचा संबंध केवळ स्वतःच्या पतीशी आला होता अशा विवाहित स्त्रियांपर्यंत विषाणू पोचला होता. या आकड्यावरून सगळ्या समाजाचे प्रमाण काढता येत नाही, कारण या स्त्रिया गुप्तरोगाच्या तक्रारी घेऊन आलेल्या होत्या. पण संसर्गाची दिशा स्पष्ट होती. या बायका कोणत्याही कौमार्यपरीक्षेत बहुधा उत्तीर्ण झाल्या असत्या. ज्या प्रश्नाने त्यांचे रक्षण झाले असते तो विचारायचा कोणाला, हे त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना कोणी शिकवले नव्हते.

पाठ हटवण्याचे श्रेय सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांना जाते. त्यांनी २०१८ मध्ये हा मजकूर कसा अशास्त्रीय आहे याचा सविस्तर अहवाल विद्यापीठ आणि सरकारकडे धाडला. स्वतः शिकवत असलेल्या विषयातील पाठाविरुद्ध प्राध्यापकाने उभे राहावे, हे आपल्याकडे दुर्मीळ. विद्यापीठाने तत्परतेने निर्णय घेतला हेही कौतुकाचे.

पण नुसते काढून टाकणे पुरेसे आहे का? मला तसे वाटत नाही. पान फाडल्याने समजूत जात नाही. ज्या विद्यार्थ्याने हा विषयच ऐकला नाही, तो उद्या दवाखान्यात बसेल तेव्हा त्याच्यासमोर मुलीला घेऊन आलेली आई असेल, आणि त्याच्याजवळ उत्तर म्हणून घरून आणलेली समजूतच असेल. खरी गरज ‘ही परीक्षा का असू शकत नाही’ हे शिकवणाऱ्या पाठाची होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये नेमके तेच केले : या चाचण्या अशास्त्रीय, अमानवी आणि भेदभाव करणाऱ्या आहेत हे विद्यार्थ्यांना शिकवावे, आणि न्यायालयाने आदेश दिलाच तर त्याचा निराधारपणा न्यायालयाला कसा पटवावा हेही शिकवावे, असा बदल झाला. दुरुस्ती उत्तम होती. दोनच वर्षांनी, २०२४ च्या नव्या मार्गदर्शिकेत, पटलाचे महत्त्व आणि कौमार्याची व्याख्या पुन्हा अवतरली! ओरड झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती मार्गदर्शिका मागे घेण्यात आली आणि नंतर सुधारित मसुदा आला. चूक समजून दुरुस्त केलेली असती तर ती इतक्या सहजी परत आली नसती. वरून आलेल्या आदेशाने पुसलेले वरच्या आदेशाने पुन्हा लिहिता येते.

शिवाय साधे गणित करू. २०१८ साली, म्हणजे पाठ काढण्याच्या आदल्या वर्षी, २३ व्या वर्षी पदवी घेतलेला डॉक्टर साठीपर्यंत व्यवसाय करील तर २०५५ उजाडेल. तोपर्यंत जुना पाठ शिकलेले डॉक्टर आपल्यात असणार. आणि वरचे निर्णय एमबीबीएसपुरते आहेत. चाकण, भोसरी, तळेगावच्या कामगार वस्त्यांत रात्री उशिरा पाळी संपवून आलेल्या माणसाला जो दवाखाना उघडा सापडतो तो पुष्कळदा आयुर्वेदाच्या किंवा होमिओपॅथीच्या पदवीधराचा असतो. त्यांनाही कोणीतरी हे सांगायला हवे. व्यवस्था अगदीच नाही असेही नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण करताना डॉक्टरांना व्याख्यानांना व कार्यशाळांना हजर राहून गुणांक मिळवावे लागतात. त्यांत या विषयाचा एक तास घालणे अवघड नाही. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वैद्यकीय कर्मचाऱ्यांसह रुग्णोपचार कक्ष हवा, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सक्तीचे केले होते. ज्यांची नुकतीच लग्ने झाली आहेत किंवा व्हायची आहेत अशी वीस-पंचवीस वर्षांची मुले-मुली तिथे रोज येतात.

ही मुले-मुली आपल्याच शाळांतून गेलेली आहेत. २००७ साली महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. भाटनगरच्या घटनेच्या वेळी पंचविशीत असलेला तरुण, मग तो मारणारा असो की मार खाणारा, तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला कोणी काही सांगितले असेल तर त्या कार्यक्रमाने नव्हे.

अभ्यासक्रम बदलला तरी जुन्या आवृत्त्या जागच्या हलत नाहीत. त्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहेत, वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे निम्म्या किमतीत जातात. पूर्वी पुस्तकात चूक राहिली की प्रकाशक शुद्धिपत्र छापून आत घालत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी त्या पानावर तशी एक चिठ्ठी डकवावी : ‘या पानावरील लक्षणांना शास्त्रीय आधार नाही. स्त्रीचा शरीरसंबंध पूर्वी आला आहे की नाही हे कोणत्याही तपासणीने सांगता येत नाही. पाहा : सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑक्टोबर २०२२ चा निकाल.’ आणि ज्या शिक्षकांनी यंदा व्याख्यानाला डॉक्टर बोलावले असतील, त्यांनी चहा घेता घेता एकदा सहज विचारून पाहावे, की हा पाठ त्यांना होता का, आणि असल्यास त्यांनी त्याचे पुढे काय केले.